दोऱ्याखालचें गांव

माझ्या टेबलावर पृथ्वीचा एक जुना गोल आहे. त्याचा रंग ठिकठिकाणीं उडालेला आहे, आफ्रिकेच्या पोटास एक पोंचा आलेला आहे, आणि त्याचा आंस इतका सैल झाला आहे कीं, खिडकींतून वारा आला तरी पृथ्वी आपली आपण फिरूं लागते. अंबरनाथच्या एका शाळेंत मीं चौतीस वर्षें भूगोल शिकविला. निवृत्त होतांना शाल आणि नारळ मिळाला तो रीतीप्रमाणें. पण अडगळीच्या खोलींतला हा गोल मात्र मीं मागून घेतला. शाळेला तो नकोच होता. आतांचीं मुलें पृथ्वी हातांतल्या फोनवर पाहतात, आणि ती पृथ्वी त्यांच्या बोटासरशीं मोठी होते व लहान होते. माझी पृथ्वी इतकी आज्ञाधारक नाहीं. पण ती गोल आहे, आणि ज्याला दोन गांवांमधलें अंतर खरोखर समजून घ्यावयाचें आहे त्याला ती गोलाई हाताखालीं असावी लागते.

मला एक छंद आहे. गोलावरील दोन शहरांवर दोन बोटें ठेवावयाचीं, त्यांच्यामध्यें शिवणाचा दोरा ताणावयाचा, आणि तो दोरा कोणकोणत्या मुलखावरून जातो हें पाहत बसावयाचें. घरांतलीं माणसें ह्याला रिकामपणाचा उद्योग म्हणतात, आणि तसें म्हणण्याचा त्यांना पुरता अधिकार आहे. परंतु ह्याच उद्योगापायीं एकदां माझ्या हातून एक खोटेपणा घडला, आणि ज्या गणितासाठीं मीं चौतीस वर्षें मुलांचे कान पिळले त्याच गणितानें अखेरीस मला पकडलें. ती हकीकत सांगून मोकळें व्हावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

वास्तविक आमच्या ह्या बाजूला अंतर कोणी मैलांत अथवा किलोमीटरांत मोजीतच नाहीं. बदलापूर मुंबईपासून किती लांब, असें आमच्या स्टेशनावर कोणालाहि विचारून पाहावें. ‘अडुसष्ट किलोमीटर’ असें उत्तर तुम्हांला जन्मांत मिळावयाचें नाहीं. ‘फास्ट मिळाली तर दीड तास,’ असें तो गृहस्थ म्हणेल, आणि त्या ‘मिळाली तर’मध्यें त्याच्या उभ्या आयुष्याचा अनुभव सांठलेला असेल. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं तीन गांवें एकाच रुळावर ओवलेलीं आहेत. एकापासून पुढच्यास जावयास दहा मिनिटेंहि पुष्कळ होतात. पण ह्याच मिनिटांचे पावसाळ्यांत तास होतात. जुलै २०१९ मध्यें कोल्हापुराकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर नि वांगणी ह्यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यांत अडकली आणि हजारावर उतारूंना नावांतून बाहेर काढावें लागलें. २६ तारखेच्या रात्रीं मुंबईहून निघालेल्या त्या माणसांना २७ ची दुपार झाली तरी आमच्या पुढचें स्टेशन दिसलें नव्हतें. त्या दिवशीं बदलापूर ते वांगणी हें अंतर किती होतें, हें कोणत्या नकाशानें सांगावें?

आमचे पूर्वज ह्या बाबतींत आमच्याहून शहाणे होते. ‘दोन मजलांवर,’ ‘एका दिवसाच्या वाटेवर,’ ‘हाकेच्या अंतरावर’ अशा भाषेंत ते बोलत. पायांनीं आणि गळ्यानें अंतर मोजणाऱ्या त्या लोकांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: अंतर हें दोन गांवांमध्यें नसतें, तें जाणाऱ्या माणसाला असतें.

माझी मुलगी लंडनला असते. मुंबई ते लंडन हें अंतर आकाशांतल्या जवळच्या वाटेनें सुमारें ७,२०० किलोमीटर आहे, आणि तें तोडावयास विमानाला साडेनऊ-दहा तास लागतात. ह्यांतला एकहि आंकडा माझ्या पत्नीला मान्य नाहीं. तिच्या हिशेबानें हा प्रवास मुलीनें बदलापूरच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलें कीं सुरू होतो, आणि ‘पोंचलें ग आई’ हा निरोप येईपर्यंत संपत नाहीं. विमानतळापर्यंत रस्त्यानें अडीच तास, तेथें तीन तास अगोदर हजर राहावयाचें, पुढचें उड्डाण, आणि उतरल्यावर पुन्हां तिच्या घरापर्यंतची आगगाडी. सगळें मिळून सतरा-अठरा तासांचा जागता हिशेब होतो. आमच्या शेजारच्या कल्याणांत १८६५ सालीं जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून बोटीनें निघाल्या त्या जूनमध्यें न्यूयॉर्कला उतरल्या. तेव्हां अठरा तासांचें एवढें काय घेऊन बसलीस, असें मीं एकदां तिला म्हणून पाहिलें. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “त्यांच्या आईनें ते दिवस कसे काढले असतील!” माझा भूगोलाचा तास तेथेंच संपला.

आतां दोऱ्याकडे वळतों. ज्या दोऱ्यानें मी हीं अंतरें मोजतों तो उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधल्या एका दुकानांतला आहे. शिवणाचें सामान विकणारें तें लहानसें दुकान आहे. दोऱ्याचीं रिळें, गुंड्या, अस्तरें, चेनी ह्यांनीं भिंती अशा भरल्या आहेत कीं, मालकाला बसावयास जेमतेम एक गादी उरली आहे. त्या गादीवर जे वृद्ध गृहस्थ बसतात त्यांना सगळी गल्ली ‘दादा’ म्हणते. सिंधी लोकांत वडीलधाऱ्याला असेंच म्हणण्याची रीत आहे. म्हणून मीहि त्यांना दादाच म्हणतों. ते मला ‘मास्तर’ म्हणतात. पत्नीच्या शिवणाच्या यंत्राकरितां दोरा आणावयास मी चाळीस वर्षांपूर्वीं त्या दुकानाची पायरी चढलों. तें यंत्र केव्हांच मोडींत गेलें, पण दुकानाची पायरी सुटली नाहीं.

दादांचा जन्म कराचीचा. १९४८ च्या आरंभीं, जानेवारींतल्या दंग्यानंतर, त्यांच्या घरच्यांनीं कराची सोडली. दादा त्या वेळीं नऊ वर्षांचे होते. कराचीहून आगबोटीनें दोन रात्रींनंतर मुंबई, तेथून आगगाडीनें कल्याण, आणि कल्याणच्या पलीकडे महायुद्धांत सैन्यासाठीं बांधलेल्या बराकी. एकेका बराकींत अनेक कुटुंबें राहत. मध्यें तरटाचा पडदा टांगला कीं झालें घर. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी ह्यांच्या हस्तें कोनशिला बसली आणि त्या छावणीला जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून उल्हासनगर हें नांव मिळालें. शहर वसलें, गजबजलें, श्रीमंतहि झालें. पण लोकांच्या तोंडीं ‘कॅम्प’ हा शब्द अजून आहे. पाऊणशें वर्षें एका जागीं राहूनहि पत्ता सांगतांना छावणीचाच आंकडा सांगावयाचा, ही गोष्ट मला प्रथम विचित्र वाटे. आतां वाटत नाहीं.

कराचीविषयीं दादा फारसें बोलत नसत. त्यांचे वडील तेथल्या नारायण जगन्नाथ हायस्कुलांत शिकले होते, हें मात्र ते मला आवर्जून सांगत. कारण ती शाळा ज्यांच्या नांवानें चालते ते नारायण जगन्नाथ वैद्य हे मराठी गृहस्थ होते आणि सिंधमध्यें शिक्षणखात्यांत अधिकारी होते. “तुमच्या माणसानें आमच्या लोकांना शिकवलें,” दादा म्हणत, “म्हणून मी तुम्हांला दोरा स्वस्त देतों.” दोरा ते स्वस्त देत नसत, पण वाक्य ऐकावयास बरें वाटे.

२०२२ च्या दिवाळींत ते फराळाला माझ्याकडे आले. नातवानें मोटारींतून आणून सोडलें होतें. मुलगी डिसेंबरांत यावयाची होती, आणि तिच्या येण्याच्या आनंदांत मी गोलावर मुंबई-लंडन दोरा ताणून बसलों होतों. दादांनीं विचारलें, “हें काय चाललें आहे?” आतां, निवृत्त शिक्षकाला असा प्रश्न विचारूं नये. मीं त्यांना भिंतीवरचा सपाट नकाशा दाखविला. त्यावर मुंबईपासून लंडनपर्यंत पट्टी ठेवली तर रेघ अरबी समुद्रावरून, इराणच्या आखाताला लागून, इराकवरून जाते. पाहणाऱ्यास वाटतें कीं विमानाची जवळची वाट हीच. पण पृथ्वी कागदासारखी सपाट नाहीं. गोलावर दोरा ताठ ओढला कीं तो आपण होऊन उत्तरेकडे सरकतो, आणि जेथें तो स्थिर होतो तीच सर्वांत जवळची वाट. “पाहा दादा,” मी म्हणालों, “मुंबईहून दोरा निघाला, काठेवाडच्या बाजूनें वर चढला, आणि हें पाहा–”

मी थांबलों. दोरा कराचीच्या ठिपक्यावरून गेला होता. जवळून नव्हे, बाजूनें नव्हे. अगदीं ठिपक्याच्या डोक्यावरून. पुढें तो बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र, युक्रेन असा युरोपांत उतरत होता. एवढीं वर्षें मी तो दोरा ताणीत आलों होतों; पण माझें लक्ष नेहमीं त्याच्या दोन टोंकांकडे असे. मध्यें काय येतें तें मीं पाहिलें असेल, परंतु तें कोणाचें गांव आहे हें माझ्या मनांत आलें नव्हतें.

दादांनीं चष्मा कपाळावर चढविला आणि डोळा गोलाच्या अगदीं जवळ नेला. “मास्तर, ही कराची?”

“होय.”

“तुमची मुलगी दर वर्षीं कराचीवरून जाते?”

मीं सांगितलें कीं, विमानें कांहीं दोऱ्यावरून तंतोतंत जात नाहींत. वारा असतो, नेमून दिलेल्या वाटा असतात. त्याच वर्षीं युक्रेनांत युद्ध सुरू झाल्यामुळें तिकडचें आकाश टाळून विमानें तुर्कस्तानच्या बाजूनें वळत होतीं. पण प्रवासाचा पहिला भाग बहुधा तेथूनच होतो. मुंबईपासून कराची सरळ रेषेंत सुमारें ८८० किलोमीटर; म्हणजे लंडनच्या वाटेचा आठवा हिस्सा. सुटल्यापासून सव्वा तासांत विमान त्या बाजूला पोंचतें. आपल्याला दिल्लीसुद्धां ह्याहून दूर आहे. ती ११०० किलोमीटरांच्या वर.

“सव्वा तास,” दादा म्हणाले. “म्हणजे बदलापूरहून दादरला जाण्याएवढा.”

ह्या ८८० किलोमीटरांच्या तुकड्याला मोठा इतिहास आहे, आणि तो मला त्या दिवसापूर्वीं धड्यासारखा पाठ होता. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराची नि मुंबई हीं एकाच घरांतलीं दोन बंदरें होतीं. १९२९ च्या मार्चांत इंपीरियल एअरवेजनें लंडन-कराची टपाल सुरू केलें, त्याला सात दिवस लागत. टपाल कराचीस येऊन थांबे आणि पुढें आगगाडीनें जाई. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं अठ्ठावीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून तें टपाल घेऊन एका इंजिनाच्या लहानशा पस मॉथ विमानांतून सकाळीं एकटे निघाले. अहमदाबादेस ते उतरले तेव्हां विमानाचें पेट्रोल बैलगाडींतून आलें. दुपारीं ते जुहूच्या मैदानावर उतरले, आणि ह्या देशाची विमानसेवा सुरू झाली. म्हणजे लंडन-कराची-मुंबई हा दोरा मीं शोधून काढलेला नव्हता. त्या लोकांनीं तो नव्वद वर्षांपूर्वींच आकाशांत ताणला होता. पुढें ८ जून १९४८ रोजीं एअर-इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून पहिल्यानें लंडनला निघालें, तें कैरो आणि जिनीव्हा येथें थांबत गेलें. कराचीचा थांबा त्यांत नव्हता. त्याच वर्षाच्या आरंभीं दादा तरटाच्या पडद्याआड राहावयास आले होते.

१९८२ सालीं, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वयांत, जे. आर. डी. नीं तोच प्रवास पुन्हां एका लहान विमानांतून एकट्यानें केला. मीं तें वर्गांत मुलांना मोठ्या अभिमानानें सांगितलें होतें. दादांना मात्र हें मीं सांगितलें नाहीं. कारण दादांनींहि एकदां कराचीला जाण्यासाठीं अर्ज केला होता. जन्माचा दाखला हवा होता. तो जेथें मिळावयाचा तेथें जाण्यासाठींच तर तो हवा होता. कागद गेले, आणि उत्तर आलें नाहीं. आज मुंबईहून कराचीला थेट विमान नाहीं. जावयाचेंच झालें तर दुबईस जाऊन तेथून परत पूर्वेकडे यावें लागतें. ८८० किलोमीटरांच्या जागीं ३,००० किलोमीटरांहून अधिक. आणि तेंहि ज्याचे कागद पुरे झाले असतील त्याला. ज्याचे झाले नाहींत त्याच्यासाठीं तें अंतर मोजण्याचें माप माझ्याजवळ नाहीं.

फराळाचें ताट तसेंच बाजूला ठेवून दादा बराच वेळ गोलाकडे पाहत बसले. मग म्हणाले, “मास्तर, एक काम सांगूं? मुलगी परत जाईल तेव्हां तिला म्हणावें खिडकीपाशीं बस. सव्वा तास झाला कीं खालीं पाहा. दिवे दिसतील. एक फोटो काढ.”

“रात्रींच्या विमानांतून काय दिसणार, दादा?”

“दिवे दिसतील,” ते पुन्हां म्हणाले. मग थोड्या वेळानें: “जहाज सुटलें तेव्हां मी झोंपलों होतों. आईनें उठवलें नाहीं. जाग आली तेव्हां चारी बाजूंना पाणी. सगळ्यांनीं कराची जातांना पाहिली. मीं नाहीं पाहिली.”

मुलगी आली, तीन आठवडे राहिली, आणि २०२३ च्या जानेवारींत एका रात्रीं दोन वाजून दहा मिनिटांच्या विमानानें परत गेली. निघतांना मीं तिला खिडकीची जागा घ्यावयास लावली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवून सव्वा तासाची आठवण दिली. ती हंसली, पण ‘हो’ म्हणाली. दुसऱ्या दिवशीं तिचा निरोप आला, आणि निरोपासोबत एक छायाचित्र. काळ्या कांचेमागें दिव्यांचा एक पुंजका होता. मधूनच एखादी सोनेरी रेघ, बहुधा हमरस्ता असावा. खालीं तिनें लिहिलें होतें: ‘बाबा, फार दमलें होतें, बसल्याबरोबर झोंप लागली. पांच वाजायच्या सुमारास जाग आली तेव्हां हें दिसलें. बहुधा कराची असेल. दादांना दाखवा.’

वाचकहो, हें गणित सहावीच्या मुलानेंहि सोडविलें असतें. विमान दोन-दहाला सुटलें. छायाचित्र पांचच्या सुमाराचें. पावणेतीन तास. तासाला आठशें किलोमीटर धरले तरी बावीसशें किलोमीटर झाले. कराची दीड तास मागें पडली होती. तें गांव इराणांतलें, वाळवंटाच्या कडेचें एखादें शहर होतें. मुलीचा ह्यांत दोष नव्हता. तिनें ‘बहुधा’ असें लिहिलें होतें. तो शब्द मीं गाळला.

त्याच आठवड्यांत मी छायाचित्राची मोठी प्रत काढून उल्हासनगरास गेलों. दादांनीं ती दोन्ही हातांत धरली. मी म्हणालों, “ही कराची.” चौतीस वर्षें नकाशावर बोट ठेवून मीं मुलांना गांवें दाखविलीं होतीं, आणि त्यांतलें एकहि बोट चुकीच्या जागीं पडलें नव्हतें. हें पहिलेंच.

“समुद्र कुठें आहे?” दादांनीं विचारलें.

“ती उजव्या खिडकीपाशीं बसली होती. विमान वायव्येकडे जातें. समुद्र डाव्या हाताला राहतो.” हें माझें उत्तर भूगोलाच्या दृष्टीनें बिनचूक होतें. खोटें बोलणाऱ्याला बिनचूक तपशील कसे भराभर सुचतात, हें मला त्या दिवशीं समजलें.

दादांनीं छायाचित्र चौकटींत बसविलें आणि गादीच्या मागें, पांढऱ्या दोऱ्याच्या रिळांच्या वर लावलें. गिऱ्हाइकें विचारीत, ते सांगत, “कराची. मास्तरांच्या मुलीनें वरून काढली.” मी तेथें असलों म्हणजे उगाच गुंड्यांचे डबे चाळूं लागें. मीं मनाची समजूत घातली कीं, ऐंशीच्या पुढच्या माणसाला एवढें समाधान दिलें तर बिघडलें काय? पण ही समजूत पटत नसे. दादांना समाधान हवें होतें असें थोडेंच होतें? त्यांना कराची हवी होती. मीं त्यांना दुसऱ्याच कोणाचें गांव देऊन, वर तें त्यांचेंच आहे म्हणून सांगितलें होतें.

अशीं दोन वर्षें गेलीं. २०२५ च्या एप्रिलांत भारत आणि पाकिस्तान ह्या दोन्ही देशांनीं एकमेकांच्या विमानांना आपलें आकाश बंद केलें. २०१९ मध्येंहि तिकडचें आकाश कांहीं महिने बंद होतें, पण तेव्हां माझें तिकडे लक्ष नव्हतें. त्या उन्हाळ्यांत मुलगी आली आणि भारतीय विमानानें परत गेली, तेव्हां तें समुद्रावरून ओमानच्या बाजूला वळून गेलें. मीं दादांना तें सांगितलें. ते म्हणाले, “म्हणजे आतां वरूनसुद्धां नाहीं.” आणि त्यांनीं मान वळवून त्या चौकटीकडे पाहिलें.

मला तें सहन झालें नाहीं. मी म्हणालों, “दादा, तो फोटो कराचीचा नाहीं.”

दुकानांत एक शिंपी होता. तो गुंड्या निवडीत होता. त्याचे पैसे घेऊन, सुटे परत देऊन, तो पायरी उतरेपर्यंत दादा कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “मला ठाऊक आहे.”

“केव्हांपासून?”

“तुमची मुलगी त्या पुढच्या डिसेंबरांत दुकानांत आली होती ना, तिच्या आईसाठीं लोकर घ्यायला? मीं विचारलें, बेटी, फोटो काढला तेव्हां किती वाजले होते? ती म्हणाली, पांच वाजत आले होते. विमान सुटलें किती वाजतां? दोन-दहा. मास्तर, मी दुकानदार आहें. सव्वा तास तुम्हींच सांगितला होता.”

मीं मान खालीं घातली. काय बोलावें हें सुचेना. शेवटीं विचारलें, “मग काढून कां नाहीं टाकलात?”

“तुम्हीं आणून दिला होता,” दादा म्हणाले. आणि मग, जणूं कांहीं हिशेबांतली राहिलेली एखादी बारीक रक्कम आठवावी तसे, ते हंसले: “बेटीला सुद्धां झोंप लागली. कराची आली नि गेली. तिलाहि कोणीं उठवलें नाहीं.”

मी म्हणालों, “चौकट उतरवूं कां?”

“राहूं द्या. कोणाचें तरी गांव असेलच तें.”

मीं दोऱ्याचें एक रीळ मागितलें. खरें तर घरीं दोरा होता. पण दुकानांतून रिकाम्या हातानें उठणें मला जमेना. दादांनीं पांढरें रीळ काढून दिलें आणि पैसे घेतले, नेहमींएवढेच.

घरीं येऊन मीं मुलीला सगळें कळविलें. तिनें फार वाईट वाटून घेतलें. उत्तरांत लिहिलें कीं, आकाश पुन्हां उघडेल तेव्हां ती जागी राहील. रात्रभर जागी राहील. मीं तें पत्र दादांना वाचून दाखविलें. ते आतां शहाऐंशीच्या पुढें आहेत. त्यांनीं विचारलें, “डाव्या खिडकीपाशीं बसेल ना? म्हणजे समुद्रहि दिसेल.”

मीं तें मुलीला कळविलें आहे. नवा दोरा गोलावर ताणून ठेवला आहे. आणि खिडकींतून वारा आला म्हणजे पृथ्वी फिरूं नये म्हणून सैल झालेल्या आंसाखालीं एक कागदाची घडी सारली आहे.